तन्वीर, खोली सोडताना

चावी मीटरच्या पेटीत आहे.
टेबल, राउटर, प्रिंटर आणि तो घरघरणारा जुना संगणक
आता तुझा. पैशांचं नंतर बघू,
नाही बघितलं तरी चालेल.

चार गोष्टी ऐक. चार म्हणतोय, जास्त होतील.

राउटर मी दाराच्या चौकटीवर लावलाय.
आधी फ्रिजमागे होता, तेव्हा नऊ महिने
घरचे चेहरे चौकोनी तुकड्यांत बोलायचे
आणि मी कंपनीला शिव्या घालायचो.
मग खालची रोवेना आली, बघून म्हणाली,
लोखंडामागे बसवलं तर तुला तरी ऐकू येईल का?
उंचावरच राहू दे. त्यावर टोपी टांगू नकोस.

संगणकाची पाठ भिंतीपासून वीतभर लांब,
त्यालाही उसासा टाकायला जागा लागते.
गुदैबियात धूळ बंद खिडकीतूनही येते,
मैद्यासारखी बारीक, भाडं न देता राहते.
वादळ होऊन गेलं की वायर काढ, झाकण उघड,
रंगाचा मऊ ब्रश घे, कोरा,
पंख्याचं पातं बोटाने धरून झाड.
फुंकर मारू नकोस. थुंकी उडते,
आणि नेमकी नको तिथेच पडते, अनुभव आहे.

ऑगस्टमध्ये बाहेर पाऊल टाकलं
की चष्मा पांढरा होतो ना,
तसंच लॅपटॉपच्या पोटात होतं.
एसीतून गच्चीवर नेलास तर
अर्धा तास पिशवीतच असू दे.

कागदाचा पुडा चेनच्या पिशवीत ठेव.
उघडा राहिला तर दमट हवेने
पापडासारखा वाकतो,
दोन-दोन पानं हातात हात घालून आत शिरतात
आणि मध्येच अडकून बसतात.

आता प्रिंटर.
भिंतीवरच्या बटणाने बंद करायचा नाही,
त्याच्या स्वतःच्या बटणाने कर,
म्हणजे तो आपलं डोकं झाकून झोपतो.
नाहीतर एसीची कोरडी हवा शाई सुकवते.
माझी पोरगी दीड महिना हिरवट छापून येत होती,
मी घाबरून घरी फोन केला,
तिला कावीळ तर नाही ना?
गुलाबी नळी तुंबली होती.
साफसफाईचा एक फेरा कर, मग थांब.
दुसरा कर, मग रात्रभर थांब.
लागोपाठ पाच केलेस तर नुसती शाई जाईल.
घाईत मागितलेल्या माफीसारखं आहे ते.

म्हणून दर शुक्रवारी एक रंगीत पान, न चुकता.
चाचणीच्या पट्ट्या छापायचा कंटाळा आला
म्हणून घरून काहीतरी पाठवायला सांगितलं.
आधी आली तीन पायांची गाय,
मग सायकल, मग दात पडलेलं हसू,
मग गुणपत्रिका, मग काही शुक्रवार काहीच नाही,
मग तिने स्वतः काढलेला फोटो:
दाभोळच्या जेटीवर उलटी ठेवलेली होडी.
पडद्यावर झकास, कागदावर काळाकुट्ट.
चूक पडद्याची होती. उजेड इतका वाढवलेला
की मला सगळंच उजळ दिसत होतं.
पांढरा कागद शेजारी धर,
पडदा तेवढाच पांढरा होईपर्यंत मंद कर.
मग बघ काय छापतं.

महत्त्वाचं असेल ते दोन ठिकाणी ठेव.
एक इथे, एक गावाला.
दोन्ही प्रती कधीतरी उघडून बघत जा,
न बघता ठेवलेली प्रत
आहे असं नुसतं वाटत असतं.
अकरा वर्षांत हे मला उशिरा कळलं.

काल शेवटचं छापलं ते व्हिसा रद्द झाल्याचं पत्र.
ड्राफ्टवर, फिकं. त्याला चांगली शाई कशाला?
पानांचा गठ्ठा मी सोबत नेतोय,
वजन सव्वातीन किलो भरलं, एक धोतरजोडी काढून ठेवली.
ती कपाटात आहे, फडकं म्हणून वापर,
स्कॅनरची काच सोडून. त्यावर चरे पडतात.

आणि हो, पिवळी संपत आलीये.
बाबुल बहरीनच्या मागच्या गल्लीत शाजहान आहे,
माझं नाव सांग, अर्धा दिनार कमी करेल.
नाही केला तर म्हण, ते गेले.
मग करेल.